मेघगिरीचा मुकुट

रविवार, १५ सप्टेंबर २००२

झालं! दिवाळीला नाटक करायचं ठरलं — आणि तेही माझं!

मराठी मंडळाच्या मीटिंगला मी फक्त पोहे घेऊन गेले होते. कुणी म्हणे अंताक्षरी, कुणी म्हणे फॅशन शो. अध्यक्ष एकनाथ म्हणाले, "यंदा काहीतरी दणदणीत पाहिजे यार. ऐतिहासिक!" आणि आमच्या गिरीशने, जो चहात साखर कमी पडली तरी तोंड उघडत नाही, भर सभेत सांगून टाकलं, "शरयूकडे आहे एक नाटक. नागपूरला इतिहास शिकवायची ना, तेव्हा लिहिलेलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी पोह्यांवर लिंबू पिळत होते.

मेघगिरीचा राजा निपुत्रिक मरतो. गरुडवंशी आणि नागवंशी, दोन सरदार घराणी, गादीसाठी तीन अंक भांडतात. शेवटी नागराज लढाईत पडतो, राजगुरू गरुडराजाच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, पडदा. राज्य खोटं, घराणी खोटी. भांडणं मात्र खरी, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकलेली.

चार वर्षं झाली अमेरिकेत, फ्रीमाँटला येऊन. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. चार वर्षांत मला सगळे "गिरीशची बायको" किंवा "निधीची आई" म्हणतात. आज कुणीतरी "तुमचं नाटक" म्हणालं. येताना गाडीत मी गप्प होते. गिरीशला वाटलं, चिडले. चिडले नव्हते. रडू येत होतं, बस.

रविवार, २२ सप्टेंबर

पात्रं ठरली. म्हणजे त्यांनीच ठरवली, मी लिहून घेतली.

गरुडराज — एकनाथ. "अध्यक्षाने राजा व्हायचं नाही तर कुणी व्हायचं, वहिनी?"

नागराज — दिगंबरराव. हे गिरीशचे मॅनेजर. क्युपर्टिनोला राहतात, सहा फूट उंच, आवाज असा की समोरच्या घरातला कुत्रा उठून बसतो. ऑफिसात गोरे लोक त्यांना "डिग" म्हणतात. त्यांचा घरी फोन आला की गिरीश उभा राहून बोलतो. फोनवर!

राजगुरू — गिरीश. चार वाक्यं आहेत, आणि शेवटी मुकुट ठेवायचा. त्या कामाला भावना लागत नाहीत.

आमची निधी गरुडांच्या सैन्यात. आठ वर्षांची आहे. तिला गोष्ट सांगितली तर म्हणते, "आई, व्हाय डोंट दे जस्ट टेक टर्न्स?"

तीन अंकांत मला हे सुचलं नव्हतं.

तालमी वेगवेगळ्या. गरुडवंशी सगळे फ्रीमाँटचे, ते शनिवारी एकनाथच्या गराजमध्ये. नागवंशी क्युपर्टिनोचे, ते रविवारी दिगंबररावांच्या फॅमिली रूममध्ये. कारण वीकेंडला फ्रीवेवर जायला कुणी तयार नाही. आठवडाभर तेच करतात म्हणे. पहिले दोन अंक मध्येमध्ये एकत्र बसवू, तिसरा अंक शेवटी जोडू. गिरीश त्याच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत म्हणाला, "बरोबर आहे. मॉड्यूल्स आधी वेगळी करायची, इंटिग्रेशन शेवटी." फार मोठं काहीतरी बोलल्यासारखा चेहरा!

रविवार, २९ सप्टेंबर

शाळेचा हॉल मिळाला, नऊ नोव्हेंबरचा. पण तलवारी चालणार नाहीत!

हॉल बघणारी कॅरल नावाची बाई आहे. अतिशय गोड. गोड हसून म्हणाली, शाळेच्या आवारात शस्त्र आणायचं नाही. खोटंही नाही, पुठ्ठ्याचंही नाही, चांदीचा कागद लावलेलं तर मुळीच नाही. मी समजावलं, बाई गं, मध्ययुगीन लढाई आहे, दोन राजघराणी आहेत. ती म्हणाली, हाउ वंडरफुल. पण तलवार नाही.

भाला? नाही. गदा? तिला गदा काढून दाखवावी लागली. नाही! शेवटी मी रडकुंडीला येऊन विचारलं, ढाल? ढालीने माणूस मरत नाही, वाचतो. तिने बराच विचार केला. ढाल ओके.

म्हणजे मेघगिरीचं महायुद्ध आता ढालींनी होणार.

शनिवार, ५ ऑक्टोबर

ढालींची लढाई पाहिली. बंद लिफ्टमध्ये शिरायला माणसं रेटारेटी करतात तसं दिसतं. कपाळ माझं!

रविवार, ६ ऑक्टोबर

दिगंबरराव मरत नाहीत.

संहितेत स्पष्ट लिहिलंय — नागराज कोसळतो. ते कोसळतात, पुन्हा उठतात, एक वाक्य घालतात, पुन्हा कोसळतात. आज मरायला सात मिनिटं घेतली. मध्ये पाणी प्यायले. मी म्हटलं, "दिगंबरराव, आता पडा ना." तर जमिनीवरून म्हणतात, "शरयू, मला मरायची सवय नाही गं."

त्यांच्या बायको संध्याताई दारातून म्हणाल्या, "हे हॉस्पिटलात दाखल झाले होते तेव्हाही नर्सलाच सूचना देत होते." सगळे हसले. दिगंबरराव सगळ्यात जास्त.

माणूस वाईट नाही. पण गिरीश त्या खोलीत सोफ्याच्या कडेवर बसतो. टेकत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

ऑफिसात पुन्हा कपात. गिरीश जेवला नाही. प्रत्येक ग्रुपमधून एक माणूस जाणार, यादी अकरा नोव्हेंबरला लागणार. नाव मॅनेजरने द्यायचं. म्हणजे दिगंबररावांनी!

आमच्या ग्रीन कार्डचे कागद अडकलेले. नोकरी गेली की व्हिसा गेला, बोऱ्याबिस्तरा गुंडाळून नागपूर. निधीने आत्ता कुठे सायन्स फेअरमध्ये ज्वालामुखी केलाय. दिगंबररावांना काय, ग्रीन कार्ड आहे, घर आहे. त्यांना कोण हलवतंय?

गिरीश म्हणाला, "रविवारी त्यांना मरायची घाई करू नकोस."

बुधवार, १६ ऑक्टोबर

दुपारी फोन. दिगंबरराव. ऑफिसातून.

"शरयू, एक विचारू? नागराज जिंकला तर नाही चालणार?"

मी म्हटलं, "अहो पण नाटक तसं नाही ना. तो कपटी आहे, त्याने विहिरीत विष टाकलंय."

"ते ठीक आहे. पण अकरा तारखेला यादी लागतेय. त्याच्या आत मला एकदा जिंकायचंय." आणि हसले! मग आवाज खाली आणून — "आणि गिरीशला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नकोस."

सरळ सरळ धमकी! गोड बोलून, नवऱ्याची चौकशी करून धमकी!

<u>गुंड!</u>

मी काय म्हटलं? "हो दिगंबरराव. चालेल की." दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं माझं नाटक एका मिनिटात विकलं. तळपायाची आग मस्तकात गेलीय, पण काढू कुणावर? पोळ्या लाटल्या. सगळ्या फाटल्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

एकनाथना वास लागला.

"वहिनी, क्युपर्टिनोवाले शेवट बदलतायत म्हणे? तसं असेल तर आमचे आठही गरुड बाहेर. आणि हॉलचं बुकिंग माझ्या नावावर आहे, हं."

"छे! कोण म्हणालं?" — मी. हेही मीच म्हटलं!

आता माझ्याकडे तिसऱ्या अंकाच्या दोन संहिता आहेत. एकात नागराज मरतो, ती फ्रीमाँटला ईमेल केली. एकात गरुडराज मरतो, ती क्युपर्टिनोला. ईमेल पाठवताना पत्ता तीन वेळा वाचला.

इतिहास शिकवताना मुलांना सांगायचे, दरबारातली माणसं दोन्हीकडे कशी बोलतात बघा. मुलं हसायची. मीही हसायचे.

रविवार, २० ऑक्टोबर

गिरीशने काल तालमीत एकनाथना लुटुपुटूचा मुकुट घातला, आज दिगंबररावांना घातला. दोघांनाही मनापासून घातला. परत येताना गाडीत विचारतो, "शरू, पण नऊ तारखेला कुणाला घालू?"

"बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे बघू! रंगीत तालमीला सगळ्यांना समोरासमोर बसवून सांगते."

"काय सांगणार?"

मी रेडिओ लावला.

रविवार, २७ ऑक्टोबर

सिंहासनाचं काम झालं. फ्रीमाँटला कृष्णा म्हणून एक आहे, लग्नाचे मांडव भाड्याने देतो. त्याने अल्बम दाखवला. लाल मखमल, हातांवर सिंह, मस्तच! एका माणसाची खुर्ची, भारदस्त. मी म्हटलं हीच. तो म्हणाला, "डन, मॅडम." माझं या नाटकात एवढं एक तरी सरळ झालं.

मुकुट मीच केलाय. पुठ्ठा, सोनेरी कागद, आणि माझ्या जुन्या साडीच्या काठाचे मणी. निधी म्हणाली, "इट लुक्स रिअल." ती सहसा असं म्हणत नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गिरीशने विचारलं, देवीकडे काय मागितलंस? खरं सांगितलं नाही.

एकनाथना ताप येऊ दे, असं मागितलं. थोडासाच. नव्व्याण्णव चालेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आला नाही.

रंगीत तालमीला हॉल तीनचा होता, कॅरलने साडेतीनला उघडला, पाचला बंद. त्यातला पाऊण तास लहान मुलींच्या नाचाच्या सीडीने खाल्ला, ती एकाच जागी अडकून "ये ये ये" करत होती. अर्धा तास वरण-भात कुठे गरम करायचा यावर. पहिला अंक अर्धा झाला, दिवे गेले. तिसऱ्या अंकाला हात लावला नाही. दोन्ही राजे म्हणाले, "आमचा तयार आहे, डोंट वरी!"

मी दोनदा तोंड उघडलं. एकदा एकनाथ कंबरपट्टा बांधत होते, इतके खूश होते. एकदा दिगंबरराव विंगेत एकटे उभे राहून ओठ हलवत होते. त्यांचं जिंकल्यानंतरचं भाषण पाठ करत होते. पन्नाशीचा माणूस, डोळे मिटून. सांगवलंच नाही.

रविवार, १० नोव्हेंबर, सकाळी

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

चारला कृष्णाचा ट्रक आला. सिंहासन उतरवलं आणि मी मटकन खालीच बसले. लग्नाचा सोफा! नवरा-नवरीचा! दोन माणसांचा! पाठ बदामाच्या आकाराची, वर दोन मोर चोचीत चोच घालून. माझी सिंहांची खुर्ची सॅन होजेच्या कुठल्या लग्नाला गेली म्हणे. कृष्णा म्हणतो, "मॅडम, धिस वन मोअर रोमँटिक."

मोरांवर शाल टाकली. बदामाचं काही करता आलं नाही.

पहिला अंक छान झाला. खरंच छान! तीनशे माणसं, आणि माझी वाक्यं! दुसऱ्या अंकात टाळी पडली, मी विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी होते, तिथे मीच वाजवली. मग ढालींचं युद्ध. प्रेक्षक आधी गप्प झाले, मग कुणीतरी ओरडलं "अरे, पुश!" आणि दोन्ही बाजूंना चिअरिंग सुरू. निधीने एका नागाला थेट पडद्यापर्यंत ढकलत नेलं. कॅरल मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. सुरक्षित युद्ध बघून तिचं समाधान झालं असावं.

आणि मग तिसऱ्या अंकाचा शेवट.

एकनाथ गरजले, "नागराजा, तुझा काळ भरला!" आणि वाट बघत थांबले. दिगंबरराव गरजले, "गरुडा, तुझाच भरला!" आणि तेही थांबले.

कुणीच पडेना.

एकनाथ दातांखालून म्हणाले, "पडा ना!" दिगंबरराव म्हणाले, "तुम्ही पडा!" माइक चालू होता. तीनशे माणसांनी ऐकलं. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात ही संहिता, दुसऱ्या हातात ती. दोघांनाही दिसल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं!

एकनाथनी धावत जाऊन सिंहासनावर बसकण मारली. दिगंबररावांनी दुसऱ्या बाजूने. जागा होतीच! दिगंबररावांच्या वजनाने सोफा त्यांच्याकडे कलला आणि गरुडराज घसरून थेट त्यांच्या खांद्याला चिकटले. वरची शाल पडली. मोर! अख्खा हॉल फुटला.

पण मला हसू येईना. कारण मधोमध गिरीश उभा होता, दोन्ही हातांत मुकुट घेऊन. त्याने एकनाथकडे पाहिलं. दिगंबररावांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चार वर्षं मी त्याच्यामागे लागलेय, ऑफिसात बोलत जा, स्वतःचं म्हणणं मांडत जा. आणि आता बोलायचं होतं मी. एक नाव सांगायचं होतं. माझंच नाटक, माझाच राजा! दिगंबर म्हटलं तर नाटक गेलं, एकनाथ म्हटलं तर घर गेलं. मी नुसती मान हलवली — मला नाही माहीत रे.

गिरीशने मुकुट उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

आणि हा माणूस, उभा राहून फोनवर बोलणारा माणूस, खणखणीत आवाजात म्हणाला, "बास झालं तुमचं! आजपासून मेघगिरीचं मी बघतो. दोघंही उठा. पानं वाढलीत, जेवायला चला!"

पडदा! टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. निधी ढाल टाकून धावत आली, "बाबा, दॅट वॉज सो कूल!" एकनाथ पाच मिनिटं रुसले, मग सगळे येऊन त्यांचे हात हातात घेऊ लागले तेव्हा म्हणायला लागले, "आयडिया आमचीच होती."

दिगंबरराव विंगेत आले. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "अगं, मेलो नाही ना? मग झालं तर." मग रिकाम्या स्टेजवर परत गेले, त्या सोफ्यावर मधोमध बसले आणि संध्याताईंना म्हणाले, एक फोटो काढ. संध्याताईंचे डोळे भरले होते, कॅमेरा नीट धरता येत नव्हता. मला वाटलं, माझं नाटक इतकं भिडलं!

घरी आल्यावर गिरीशचा चेहरा उतरला. "शरू, मी मॅनेजरला सगळ्यांसमोर उठा म्हणालो."

आत्ता तो सोमवारचा शर्ट इस्त्री करतोय. तोच शर्ट, तिसऱ्यांदा. मी कपाटातल्या बॅगा किती आहेत ते बघून आले. चार. निधीचा ज्वालामुखी कशातच मावणार नाही.

पण खरं सांगू? मुकुट शोभत होता त्याला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

यादी लागली. गिरीशचा फोन आला. म्हणाला, "माझं नाव नाहीये."

दिगंबररावांचं टेबल रिकामं आहे. ग्रुपमधून एक नाव द्यायचं होतं, त्यांनी स्वतःचं दिलं. सोळा ऑक्टोबरला दुपारी. गिरीशला एवढंच म्हणाले, "माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे रे, तुझ्याकडे नाही." आणि खोकं उचलून गेले.

सोळा ऑक्टोबर. ही वही मागे उलटली. 'गुंड' लिहिलंय, खाली रेघ मारलीय.

मुकुटाचा एक मणी निघाला होता, तो लावला. गिरीश आला की तिघं क्युपर्टिनोला जातोय.